मूस कुणाच्या हातचं खातो

अर्डिसचं मागणं फार नव्हतं. जो राबतो त्याच्याकडे निदान वळून तरी बघावं, एवढंच. पण हे मांजराला कोण सांगणार? आणि नवऱ्याला तरी कोण सांगणार?

मांजर आणलं ते लेकीनं. शेल्बी पोर्टलंडला शाळेत शिकवते. जूनमध्ये सुट्टी लागली तशी ती गॅनेट कोव्हला, समुद्रकाठच्या आपल्या गावी आली, ती हातात खोकं घेऊनच. खोक्यात तीन महिन्यांचं पिल्लू. अस्सल कून जातीचं, कानांवर केसांचे झुपके, पंजे अंगाच्या मानानं दोन मापं मोठे. अर्डिसनं त्याला नीट बघायच्या आत नवऱ्यानं, एल्विननं, उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, "अरे, हा तर मूस आहे मूस!" जंगलातल्या त्या घोड्याहून उंच, शिंगाड्या जनावराचं नाव या मूठभर पिल्लाला! बाप-लेक पोट धरून हसले. झालं, नाव ठरलं. अर्डिसच्या मनात 'पर्सी' होतं. ते मनातच राहिलं.

"मॉम, हा तुझ्यासाठी हं," शेल्बी म्हणाली. "डॅड दिवसभर बोटीवर. तुला घरात सोबत."

तुझ्यासाठी! हा एक शब्द अर्डिसनं असा जपून ठेवला, की विचारू नका. कारण त्या घरात तिच्यासाठी म्हणून फार काही येत नसे. एल्विनच्या पहिल्या बोटीवर तिचं नाव होतं, 'अर्डिस डी.' आमच्याकडे बोटीला बायकोचं नाहीतर लेकीचं नाव घालायची रीत. पण नवी बोट घेतली तेव्हा शेल्बी शाळेत होती. "पोरगी खूश होईल," म्हणून एल्विननं नव्या बोटीवर 'शेल्बी' रंगवलं. पोरगी झाली खूश. जुनी बोट खाडीपलीकडच्या एकानं घेतली आणि नाव खरवडून स्वतःच्या बायकोचं घातलं. ते खरवडलेलं अर्डिस स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली होती. घरी येऊन तिनं कुणाला काही म्हटलं नाही, फक्त त्या शनिवारी रीतीप्रमाणे शिजवलेल्या घेवड्याच्या बियांत काकवी घालायची विसरली.

तर मूस. मांजरांच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर पेलेटिए, त्यांनी पहिल्याच भेटीत अर्डिसला बसवून सांगितलं होतं, "ही मोठ्या हाडापेराची जात आहे. तीन-चार वर्षं वाढत राहते. एका वर्षात हत्ती करायला जाऊ नका. सहा महिन्यांचा होईपर्यंत दिवसातून चारदा थोडं थोडं द्या, मग तीनदा. दीड वर्षापर्यंत पिल्लांचंच खाणं. वजन वाढेल तसं माप वाढवा. अंगावरून हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. पोट सुटलं की उद्या खुब्यांचं दुखणं."

अर्डिसनं यातला शब्दन् शब्द पाळला. स्वयंपाकघरातला काटा मूसच्या नावानं वेगळा काढला. पहाटे एल्विनच्या डब्याबरोबर मूसची पहिली वाटी, निजायच्या आधी शेवटची. मधल्या वेळच्या वाटीसाठी ती बायकांच्या रजया शिवायच्या बैठकीतूनही उठून यायची. बायका हसायच्या. "बाळंतीण उठली," म्हणायच्या. हसेनात का! पिल्लू दिसामासानं वाढत होतं.

आणि संध्याकाळी काय व्हायचं? मागच्या पडवीत एल्विनचे गमबूट वाजायचे, आणि दिवसभर अर्डिसच्या पायांत घोटाळून खाणारं ते लबाड कार्टं शेपूट उभारून पडवीकडे सुसाट! एल्विन बूट काढायच्या आत मांडीवर. मग ते गुरगुरणं, ते लोळणं, ते त्याच्या बोटांच्या बेचक्या चाटणं. अर्डिस चुलीपाशी उभी राहून चाउडरचं दाट सार ढवळायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"कसं ओळखतं गं मला!" एल्विन हरखून म्हणायचा.

"आंधळ्यालासुद्धा ओळखू येईल," अर्डिस म्हणायची. "वास मारतोयस सगळा. आधी हात धू."

त्यात रविवार. उन्हाळ्यात रविवारी शेवंडीचे पिंजरे ओढायला बंदी, म्हणून गावातले सगळे बाप्ये धक्क्यावर गप्पा छाटत उभे. एल्विन मूसला काखोटीला मारून तिकडे न्यायचा आणि शेवंडी तोलायच्या काट्यावर, क्रेटमध्ये बसवून, त्याचं वजन करायचा. गाव जमा व्हायचं. पैजा लागायच्या. दर वेळी वाढलेलं वजन बघून लोक एल्विनच्या पाठीवर थाप मारायचे. आता तुम्हीच सांगा, माप घालणार कोण आणि थाप खाणार कोण?

दुकानातल्या ग्लेनिसनं तर कहरच केला. पिठाची पिशवी हातात देताना म्हणाली, "काय वाढवलाय गं तुझ्या एल्विननं तो बोका!"

"एल्विननं?" अर्डिस म्हणाली.

"मग! धक्क्यावर सगळे म्हणतात, एल्विनचा हात लागला की काहीही वाढतं."

"हो का? मग मी बरी नाही वाढले," अर्डिस म्हणाली आणि सुटे न घेताच बाहेर पडली.

शेल्बीचा फोन यायचा तोही तसाच. "मॉम, कशी आहेस, मूस नीट जेवतो ना, डॅड आहे का?" एका दमात. अर्डिस पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवतेय तोवर तिसरा आलेला असायचा. मग फोन एल्विनकडे, आणि एल्विनचं खो-खो हसणं स्वयंपाकघरभर. लहानपणी पोरीला ताप आला तरी रात्र जागवायची अर्डिसनं, आणि सकाळी डोळे उघडून पोरगी विचारायची, "डॅड कुठाय?" माणसाची लेक करते ते एक वेळ सोसता येतं. पण मांजर? ज्याला 'तुझ्यासाठी' म्हणून आणलं, तेसुद्धा?

अर्डिसच्या पोटात दुखत होतं, हे अगदी सरळ होतं. तिनं ते स्वतःपासून लपवलंही नाही.

सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी उलटली. मूस सहा महिन्यांचा झाला, चाराच्या तीन वाट्या झाल्या. त्या आठवड्यात एका संध्याकाळी एल्विन मांडीवर मूसला घेऊन पेंगत होता आणि मूस त्याचं मनगट मन लावून चाटत होता. अर्डिस बघत राहिली. आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हेरिंग! पिंजऱ्यांत आमिष म्हणून भरतात ती हेरिंग, आपल्या तारलीची थोरली बहीण. नवऱ्याच्या कातडीत ती तीस वर्षं मुरलेली. हे माया-बिया काही नाही, हा नुसता माशाचा वास आहे!

शिवाय तिनं हेही पाहिलं, की निजायच्या आधी एल्विन खिशातून हेरिंगच्या शेपटीचा एवढासा तुकडा काढून त्याला हळूच चारतो. मला चोरून!

"असं आहे होय," अर्डिस मनात म्हणाली. "मग हेरिंगला माझा हात काय वाईट आहे?"

दुसऱ्या दिवशी आमिषवाल्याचा ट्रक आला. धक्क्यावर मासा खारवून पिंपांत भरायच्या आधीच अर्डिसनं आपली बादली पुढे केली. मीठ मांजराला बाधतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून खारवलेल्या पिंपाला तिनं बोटही लावलं नाही. ताजा, चांदीसारखा, नुकता पकडलेला मासा. जिचा बाप समुद्रावर, आजा समुद्रावर, नवरा समुद्रावर, तिला 'ताजा मासा वाईट' असं सांगायला कुणी आलं असतं, तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. एक हेरिंग चिरून तिनं बशीत ठेवली. मूस खाताना गुरगुरला. एवढा, की भांडी वाजतील की काय वाटलं.

झालं! मग कसली वाटी आणि कसला काटा! सकाळी हेरिंग, दुपारी हेरिंग, मागेल तेव्हा हेरिंग, नाही मागितली तरी हेरिंग. पाकिटातल्या खाण्याला तो तोंड लावेना. नको लावू! अर्डिस ते मोजून वाटीत घालायची, एल्विनला दिसेल असं ठेवायची आणि तो गेला की मागच्या दारी समुद्रपक्ष्यांना उधळायची. शेल्बीला फोनवर सांगायची, "चाटूनपुसून साफ करतो गं."

आणि मूस तिचा झाला. अगदी तिचा! ती अंथरूण घालायला गेली की हा मागे, कपडे वाळत घालायला गेली की हा दोरीखाली. संध्याकाळी पडवीत बूट वाजले. मूसनं एक कान हलवला आणि अर्डिसच्या पावलांवर अंग टाकून दिलं.

"मूस! अरे मूसोबा!" एल्विन दारातून म्हणाला. "ये की रे."

मूस नाही उठला.

"काय झालं याला?" एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत एल्विन बसून राहिला. त्यानं खिशातून शेपटीचा तुकडा काढला. मूसनं तो हुंगला न हुंगला केला. पोट तुडुंब होतं ना!

"लहरी जात ती," अर्डिस म्हणाली. "त्याचं त्याला कळतं कुणाकडे जायचं."

एल्विनचं तोंड उतरलं. तिला त्याची कीव आली, पण खरं सांगायचं तर तीही तिनं चवीनं चाखली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात पहिल्यांदा कुणी एल्विनला सोडून तिच्याकडे आलं होतं. त्या रात्री ती गाणं गुणगुणत निजली.

ऑक्टोबर असा गेला. अर्ध्या नोव्हेंबरपर्यंत मूस झळाळत होता, लांबलचक, आयाळीचा, बघत राहावा असा. मग तो खाताना मध्येच थांबू लागला. एकदोनदा ओकला. "हावरट कुठला," म्हणून अर्डिसनं पुसून घेतलं आणि त्याला रुचावी म्हणून आणखी ताजी हेरिंग आणली. चालताना त्याचं मागचं अंग जरा लटपटायचं. वाढत्या अंगाला असं होतच असेल, तिनं स्वतःला समजावलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी शेल्बी यायची होती. ओव्हनमध्ये भोपळ्याचं गोड सारण भरलेला 'पाय' भाजत होता, टर्की मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. थंडीसाठी बोटीचं इंजिन बांधूनबिंधून ठेवायचं म्हणून एल्विनही घरीच, शेडमध्ये खुडबुड करत होता. शेल्बीची गाडी दारात आली, बाप-लेकीची गळाभेट झाली, अर्डिसच्या गालाला गाल लागला आणि शेल्बी ओरडली, "मॉम! मूसला काय झालंय?"

मूस टेबलाखालून येत होता. पण कसा! हनुवटी छातीला टेकलेली, मान खाली वळलेली. चार पावलं टाकून तो एका अंगावर कलंडला. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या, की हिरवं काही उरलंच नव्हतं. अर्डिसनं त्याला उचललं तर ते सगळं लांब अंग तिच्या हातात थरथरलं.

ओव्हन बंद केलं, टर्की तशीच ठेवली आणि तिघं डॉक्टर पेलेटिएंकडे निघाली. गाडीत मूस अर्डिसच्या मांडीवर होता आणि एल्विन दर वळणावर आरशातून त्याच्याकडे बघत होता. भीती तर होतीच, पण तशातही अर्डिसच्या मनात आलं, माझ्या मांडीवर आहे. माझ्या.

डॉक्टरांनी मूसला टेबलावर घेतलं, डोळ्यांत उजेड पाडला, पाय दाबून पाहिले. मग विचारलं, "खायला काय देता?"

"पिल्लांचं खाणं," अर्डिस म्हणाली. "तीनदा. तोलून. तुम्ही सांगितलं तसं." जीभ जराही अडखळली नाही. इतके दिवस म्हणत आलेलं वाक्य ते.

"दुसरं काही?"

"नाही."

एल्विननं टोपी काढून हातात धरली. "मी देतो," तो म्हणाला. "हेरिंगची शेपटी. रोज एक, एवढीशी. आमिषातली."

"डॅड!" शेल्बी त्याच्याकडे वळली, आणि अशी वळली की अर्डिससुद्धा दचकली. "आमिषातली? त्या सडक्या पिंपातली? मॉम इथे एकेक वाटी तोलून घालते, आणि तू तिच्या पाठीमागे... नेहमीचंच आहे तुझं! सगळं मॉमनं करायचं, आणि तू नुसते लाड करून मोकळा!"

"शेल्बी, अगं मला वाटलं..."

"तुला नेहमी नुसतं वाटतं!" आणि शेल्बीनं आईच्या खांद्याभोवती हात टाकला. घट्ट. "मॉम, तुझी काही चूक नाही."

देवा रे! हे शब्द ऐकायला अर्डिस किती वर्षं थांबली होती! लेक तिच्या बाजूला होती, लेकीचा गाल तिच्या केसांना लागला होता, आणि समोर एल्विन शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीला टेकून उभा होता. सगळं मॉमनं करायचं. बघितलंस? कुणालातरी दिसत होतं ते! अर्डिसला वाटलं, हा क्षण इथेच थांबावा, पुढे जाऊच नये.

पण डॉक्टर मान हलवत होत्या. "एका शेपटीनं असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तोलून-मापून नीट खाणाऱ्या मांजराला तर नाहीच. मला वेगळीच शंका येते. घरी इंजिनात घालायचं ते थंडीचं औषध आहे? गोठू नये म्हणून ओततात ते? गोड लागतं त्यांना. चाटलं तर असेच लटपटतात."

एल्विनचा चेहरा राखेसारखा झाला. "आज... आज सकाळीच मी बोटीचं केलं," तो म्हणाला. "डबा शेडमध्ये होता. झाकण... मी झाकण लावलं की नाही?" आणि तो एवढा मोठा माणूस खाली बसला. "मीच मारला त्याला."

"तसं असेल तर इथे माझ्याकडे उपाय नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, दोन तासांवर. आत्ता निघा. तिथलं औषध कडक आहे, विष पोटात नसताना ते दिलं तर उगाच हाल. पण दुसरं काही सुचत नाही मला. नीट आठवा. खरंच दुसरं काही खाल्लं नाही ना?"

शेल्बीचा हात अजून खांद्यावर होता. ऊबदार. अर्डिसच्या मनात काय काय येऊन गेलं! गप्प बसावं. दवाखान्यातले शोधून काढतील. शेडमध्ये डबा होताच की. कदाचित खरंच चाटला असेल. गप्प बसलं तर लेक तिची राहील, आणि बोट 'शेल्बी' असो नाहीतर आणखी काही, उद्या टर्कीच्या टेबलावर शेल्बी तिच्या शेजारी बसेल.

टेबलावर मूसनं मान उचलायचा प्रयत्न केला. नाही जमलं. हनुवटी पुन्हा छातीला जाऊन टेकली.

"हेरिंग," अर्डिस म्हणाली.

"हो, ते सांगितलं यांनी. शेपटी."

"शेपटी नाही. अख्ख्या. मी दिल्यात."

डॉक्टर तिच्याकडे वळल्या.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाईल तितक्या."

"शिजवून?"

"कच्च्या. ताज्या होत्या. मीठ नव्हतं, मिठाची काळजी घेतली मी."

"आणि पाकिटातलं खाणं?"

"ते खात नव्हता. पक्ष्यांना घालत होते."

"कधीपासून?"

"लेबर डेपासून."

डॉक्टर कपाटाकडे धावल्याच. सुई भरता भरता सांगत होत्या, "कच्च्या हेरिंगमध्ये असं काही असतं की अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं. क्वचित एखादी दिली तर चालते, पण रोज तेच, दुसरं काही नाही, तर मेंदूवर जातं. मान अशीच वाकते. शिजवली असतीत ना, तर हे झालं नसतं." सुई टोचली गेली. मूस कसाबसा ओरडला. "वेळेत बोललात. दोन तास गाडीत घालवले असते तर मी काही सांगू शकले नसते."

शिजवली असती तर! जन्मभर या घरातल्या प्रत्येकाला अर्डिसनं शिजवून घातलं होतं. एकट्या याला कच्चं घातलं.

शेल्बीचा हात खांद्यावरून निघाला तो अर्डिसला कळला. सावकाश निघाला, पण निघाला.

"तू मला फोनवर सांगायचीस," शेल्बी म्हणाली. "चाटूनपुसून साफ करतो म्हणून."

"हो."

"आणि आत्ता डॅडला मी एवढं बोलले, तू ऐकत उभी राहिलीस."

"हो."

"का, मॉम?"

अर्डिसला वाटलं आपण रडू, पण रडू आलं नाही, रागच आला. "कारण तो माझा होता!" ती म्हणाली. "तूच म्हणाली होतीस, तुझ्यासाठी म्हणून. सगळं मी करायचं, आणि संध्याकाळी तोही त्याच्याकडे धावायचा. तोही!"

त्या 'तोही'वर शेल्बी खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभी राहिली.

एल्विन अजून जमिनीवरच होता. टोपी फिरवत तो म्हणाला, "मला सांगायचंस ना, अर्डी. मी दिला असता तुला."

"दिलेला नको होता मला," अर्डिस म्हणाली. "त्यानं यायला हवं होतं."

एल्विननं टोपी जमिनीवर ठेवली.

तासाभरानं मूसची मान जराशी वर आली. फार नाही, पण हनुवटी छातीपासून सुटली. डॉक्टरांनी त्याला घोंगडीवर खाली ठेवलं आणि एका वाटीत पातळ कालवलेलं खाणं आणून दिलं. "आता याच्या पोटात थोडं जायला हवं," त्या म्हणाल्या. "चमच्यानं, अगदी थोडं थोडं. खाल्लं तर मी म्हणेन सुटलो. नाही खाल्लं तर नळी घालावी लागेल."

वाटी अर्डिसनं घेतली. कुणी अडवलं नाही. ती घोंगडीपाशी बसली, चमचा भरला, मूसच्या तोंडाशी नेला.

मूसनं चमचा हुंगला नाही. त्यानं तिची बोटं हुंगली. एकेक करून, बेचक्यांतून, नीट. हेरिंग शोधत होता. आज सकाळपासून ती त्या 'पाय'चं पीठ मळत होती, बोटांना लोणी आणि दालचिनीचा वास होता. हेरिंग नाही असं कळल्यावर त्यानं तोंड फिरवलं.

"मूस," ती म्हणाली. "खा रे बाबा."

त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं पुन्हा चमचा नेला. त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. खाणं घोंगडीवर सांडलं. एल्विन हाताच्या अंतरावर बसला होता आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, घट्ट. आपण मध्ये पडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्या हात दाबून बसण्याचा तिला इतका संताप आला! हाही चांगुलपणा! इथेही हाच चांगला!

"घे," अर्डिस म्हणाली आणि चमचा पुढे केला.

"नको. तूच भरव. खाईल तो."

"नाही खाणार. दिसत नाही का तुला?"

"थोडा वेळ बघू, अर्डी."

"घे म्हणते ना!" तिचा आवाज फाटला. "त्याला खायला हवंय!"

एल्विननं चमचा घेतला. तो सरपटत पुढे आला, मूसच्या शेजारी आडवाच झाला, गाल जमिनीला लावून, आणि काहीतरी पुटपुटायला लागला. धक्क्यावरच्या गोष्टी. कुणाचा पिंजरा कुणी पळवला, कुणाची बोट कशी चिखलात रुतली. तीस वर्षं ऐकून अर्डिसच्या कानांना किटलेलं ते सगळं. मूसनं एक डोळा उघडला. कान हलला. आणि त्यानं जीभ बाहेर काढून चमचा चाटला.

एकदा. मग पुन्हा.

डॉक्टर दारातून बघत होत्या, त्यांनी श्वास सोडला. अर्डिसच्या छातीतूनही काहीतरी सुटलं, पण जळत होतं ते काही विझलं नाही. अगदी पूर्वीइतकंच जळत होतं. त्याच्या हातचं खातोय. माझ्या हातचं नाही, त्याच्या.

"दमानं," ती म्हणाली. "ठसका लागेल त्याला. अर्धाच भर चमचा."

"तू भरून दे," एल्विन मान न उचलता म्हणाला. "मला नाही कळत किती ते."

तिनं चमचा घेतला, अर्धा भरला, कड वाटीला पुसून त्याच्या हातात दिला. मग पुढचा. वाटी हलत होती. शेल्बी खिडकीपासून कधी आली ते तिला कळलं नाही. ती आईच्या शेजारी बसली आणि चमचा भरायला सोपं जावं म्हणून तिनं वाटी खालून धरली. आईकडे तिनं बघितलं नाही. ती मूसकडेच बघत होती.

अर्डिसनं आणखी एक चमचा भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला.